दार उघडल्याचा आवाज

सूचना रविवारी संध्याकाळी लागली होती आणि आई सोमवारी सकाळी सापडली. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, तिच्याच खुर्चीवर, तिचा संगणक कायमचा बंद करायला बसले होते. बंद करण्याआधी उघडी पानं मिटावीत म्हणून एकेक मिटत गेले. हवामान. गुडघ्यांचे व्यायाम. औषधाच्या दुकानाच्या वेळा. शेवटचं पान तिच्या त्या खेळाच्या मंडळाचं होतं आणि त्यावर सगळ्यांत वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मावशींच्या जागी रविवारचे प्रसंग चालवायला स्वयंसेवक हवा. अनुभव नसला तरी चालेल, संयम हवा.' मावशी म्हणजे तिथली आई. खाली रविवारची तारीख होती. मी मुद्रितशोधक आहे, पाठ्यपुस्तकं तपासते. मजकुरात सगळं ठीक दिसतं तेव्हाच चूक तारखेत लपून बसलेली असते, हे मला पोटापाण्याने शिकवलंय. मी तारीख पुन्हा वाचली. शेजारच्या शिंपीणकाकूंनी त्यांच्याजवळच्या किल्लीने दार उघडलं ते सोमवारी सकाळी, दूध तसंच बाहेर दिसलं म्हणून. त्याआधी आई गेल्याचं जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आणि तरी कुठेतरी कोणीतरी रविवारीच तिच्या जागी माणूस शोधायला लागलं होतं.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "तारखा चुकतात गं. ती यंत्रं कुठल्या तरी दुसऱ्या देशात असतात. तिथे रविवार, इथे सोमवार."

"म्हणजे आपल्या सोमवारी सकाळी तिथे रविवार संध्याकाळ? पण मग सकाळीच त्यांना कोणी कळवलं?"

"हे बघ, आता मला प्रूफ तपासल्यासारखं तपासू नकोस. किती दिवस बसणार आहेस त्या घरात? निदान ते दार तरी दुरुस्त करून घे. मागच्या वेळी माझा खांदा निखळायचा बाकी होता."

दार खरोखरच वाईट होतं. लाकूड फुगलेलं, उचलून ओढावं लागे आणि फरशीला घासत असं करकरे की खालच्या मजल्यावर कळे, हिच्याकडे कोणी आलं. सुताराला बोलाव म्हटलं की आई म्हणायची, घंटी बिघडली तरी हे बिघडत नाही. तिचं आयुष्य आवाजांवर गेलं होतं. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन केंद्रात ती निवृत्त होईपर्यंत कानाला यंत्र लावून बसली. बाहेरून आलेला घाबरा आवाज आत योग्य त्या खोलीपर्यंत पोचवायचा, एवढंच काम. मधल्या काळात त्या आवाजाला धरून ठेवायचं. लहानपणी माझी शाळेतली भांडणंसुद्धा ती तशीच ऐकून घ्यायची, मध्ये न बोलता, फक्त 'हं, मग?' म्हणत, आणि मला वाटायचं ही आता मला कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत जोडून देणार.

हा खेळ दादाच्या मुलीने एका सुट्टीत आईच्या संगणकावर टाकला आणि नव्याचे नऊ दिवस झाल्यावर स्वतः विसरून गेली. आई विसरली नाही. त्यात एक आखलेलं नगर आहे. बाजार, गोदी, शाळा, पूल, सगळ्या रस्त्यांना नावं. कुठल्या कुठल्या गावांतली माणसं आपापल्या घरी बसून त्या नगरात आगीचे बंब आणि रुग्णवाहिका चालवतात आणि एकजण नियंत्रण कक्षात बसून फोन घेतो. पण फोन यायचा तर आधी काहीतरी घडायला हवं. कुठे धूर, कुठे कोसळलेली भिंत, आणि तारेच्या टोकाला रडणारं, ओरडणारं माणूस. हे सगळं रचायचं आणि त्या माणसाचं सोंग आपण घ्यायचं, याला ते 'प्रसंग चालवणं' म्हणतात. फुकटचं, हौसेचं काम. आई दर रविवारी दुपारी ते करायची. "आयुष्यभर लोकांचे फोन घेतले," ती म्हणाली होती, "आता जरा करून बघते." मी हसले होते. पत्ते कुटण्यासारखं काहीतरी, म्हणून सोडून दिलं होतं.

ती सापडली तेव्हा तिचं बिनतारी हेडफोन मानेत होतं. मोबाइल झोपायच्या खोलीत, चार्जिंगला. माझ्या फोनवर तिचा एकही कॉल नव्हता. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, फार वेळ गेला नसावा. 'नसावा' या शब्दावर माझी पेन्सिल तेव्हापासून अडकलेली आहे.

मी स्वयंसेवक म्हणून अर्ज केला. खरं नाव कोणी विचारत नाही, तो त्यांच्यात अपराधच समजतात. नाव नाही, गाव नाही, घरचा पत्ता तर नाहीच. नियमांच्या पानावर आणखी एक गोष्ट होती. खेळताखेळता खरोखरच काही झालं, घरात मूल पडलं, गॅसवर काही उतू गेलं, तर 'पडदा' असं म्हणायचं. तो शब्द उच्चारला की सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबतात आणि सोंग संपतं. मी तो नियम कितीदा वाचला असेन. आईने तो शब्द उच्चारला होता का? उच्चारला असेल आणि कोणी थांबलं नसेल, तर ही माणसं कोण होती? आणि उच्चारला नसेल, तर का नाही?

मुलाखत घेतली ती बंबवाल्याने. त्याचा आवाज जाड, मागे सतत कोणीतरी भांडी घासत असलेलं. "ताई, आग लावता येते ना? विझवायला आम्ही आहोत."

"शिकवलंत तर येईल."

"हिला घ्या," तो कोणाला तरी म्हणाला. "पहिल्याच दिवशी 'येते' म्हणणारे लोक फार घरं पेटवतात." मग एक बाई हसली. ती रुग्णवाहिका चालवायची म्हणून तिला सगळे सिस्टर म्हणत, एरवी ती पहाटे उठून बेकरीत पाव भाजते असं पुढे कळलं. आणि तिसरा होता कंट्रोल, नियंत्रण कक्षात बसणारा. मी बोलल्यानंतर तो बराच वेळ काहीच बोलला नाही. माझा आवाज आईसारखा आहे. फोनवर दादासुद्धा मला आधी 'आई' म्हणायचा आणि मग चिडायचा. कंट्रोल शेवटी एवढंच म्हणाला, "आवाज नीट पोचतोय." ते तीन सरळ शब्द मी घरभर घेऊन फिरले. आवाज नीट पोचतोय. कुठे पोचला होता, कधी पोचला होता?

मी लिफ्ट अडकवली, गोदीत धूर केला, पुलाखाली एक ट्रक उलटा पाडला. वाईट जमत नव्हतं. मी आईच्या खुर्चीत बसून, तिचं हेडफोन कानाला लावून, खोट्या बायकांच्या आवाजात रडत होते आणि एक कान मात्र रडण्यावर न ठेवता त्या तिघांवर ठेवत होते. कोण कुठे थबकतं, कोण विषय बदलतं. हेडफोनच्या गादीला तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. खरं रडू येईल अशी भीती वाटायची ती फक्त त्या वासामुळे, म्हणून मी तोंडाने श्वास घ्यायचे, आणि बंबवाला म्हणायचा, वा ताई, धाप काय झकास लागली तुम्हाला. पहिले काही रविवार त्यांनी आईचं नावही काढलं नाही. सूचना मात्र काढून टाकली होती. का काढली? जागा भरली म्हणून, हे सरळ उत्तर होतं, पण सरळ उत्तरांवर विसंबायची माझी तयारी राहिली नव्हती. शिंपीणकाकू संध्याकाळी येऊन म्हणायच्या, "भिंतीपलीकडून आईचाच आवाज आल्यासारखा वाटतो गं. मागेही रविवारचं असंच चालायचं, वाचवा, वाचवा. मी म्हटलं, चालू दे बाई, म्हातारपणी कोणाला काय, कोणाला काय." हे बोलून त्या एकदम थांबल्या आणि मशीनवर काम पडलंय म्हणून निघून गेल्या. ते थांबणंही मी मनात जपून ठेवलं. म्हणजे त्या रविवारीही भिंतीपलीकडे आवाज आला असेल आणि त्या 'चालू दे' म्हणाल्या असतील. पण त्यांच्यावर रागावता येईना. भिंतीपलीकडे मी असते तरी तेच म्हटलं असतं.

शेवटी मीच विचारलं. प्रसंग संपला होता, गाड्या परत निघाल्या होत्या. "माझ्याआधी कोण घ्यायचं हे?"

"होत्या एक मावशी," बंबवाला खुलला. "त्यांनी एकदा तिसऱ्या मजल्यावर घोडा चढवला होता. जिवंत. चढला कसा विचारलं तर म्हणाल्या, ते चौकशी समिती बघेल, तू उतरव."

"आणि ती लिफ्टमधली बाई," सिस्टर म्हणाली. "श्वास कोंडलाय, मरायला टेकलीय, आणि आम्हाला सांगतेय की लिफ्टमधल्या सूचनेच्या पाटीवर दोन चुका आहेत, आधी त्या सुधारा. मी विचारलं, मावशी, असं कोण करतं? म्हणाल्या, आहे माझ्या ओळखीची एक."

मी हसल्यासारखा आवाज काढला. घोडा मला माहीत नव्हता. माझी आई विनोदी होती हेच मला माहीत नव्हतं. घरी ती ऐकून घेणारी होती. या तीन परक्यांना तिने घोडा दिला होता आणि मला 'हं, मग?' आणि वर मला पाटीवरच्या चुकांसकट लिफ्टमध्ये कोंडून त्यांच्यापुढे ठेवलं होतं. मग कंट्रोल म्हणाला, "विषय बंद. लाइन मोकळी ठेवा." लाइनवर काहीच चाललेलं नव्हतं. बंबवाला मुकाट झाला. सिस्टरही. लहान मुलांच्या खोलीत मोठं माणूस शिरावं तशी ती शांतता होती आणि माझी खात्री पटली की यांना माहीत आहे.

तेव्हा मी प्रसंग रचायचं ठरवलं. घर बाजारातलं कुठलंही घेतलं, कारण ते महत्त्वाचं नव्हतं. त्यात स्वयंपाकघर, टेबल, जमिनीवर एक बाई. बाईचं सोंग मीच घेणार होते. फक्त पत्ता मी नगराचा सांगणार नव्हते. मी आईचा सांगणार होते, खरा, शहर, रस्ता आणि इमारतीसकट, आणि मग ऐकणार होते. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. ते कोणाच्या आवाजात उजाडतं ते मला पाहायचं होतं. आठवडाभर मी शाळेच्या भूगोलाची प्रुफं वाचताना ती वाक्यं मनात म्हणत होते. त्या तिघांचं काय करायचं, पुढे काय, हे मी ठरवलं नव्हतं. पोलीस? कसल्या गुन्ह्याखाली? मला फक्त एक वाक्य हवं होतं, ती त्यांच्याशी बोलता बोलता गेली की एकटी गेली. दोन्ही उत्तरं मला सोसणार नव्हती, पण त्यांतलं कोणतं सोसायचं हे तरी कळायला हवं होतं.

रविवारी दुपारी ऊन टेबलावर आलं होतं. मी खुर्ची सोडून फरशीवर बसले, ती सापडली त्या जागी, सिंककडे पाठ करून. हे प्रसंगाला लागत नव्हतं. फरशी गार होती. कंट्रोलने फोन उचलला. "बोला."

"मी पडलेय. स्वयंपाकघरात. डावा हात उचलत नाही."

"एकट्याच आहात?"

"हो."

"घाबरू नका. पत्ता सांगा."

मी सांगितला. अगदी सावकाश, शाळेत श्रुतलेखन सांगतात तसा. मग बंबवाल्याचा आवाज आला, नेहमीसारखा, निर्मळ. "ताई, हा रस्ता कुठे काढलात? माझ्या नकाशावर नाही दिसत."

"गप्प बस," कंट्रोल म्हणाला. इतक्या हळू की ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग मला, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितला. माझा आवाज आता सोंग घेत नव्हता, पण मलाच ते उशिरा कळलं. "पडदा," तो म्हणाला. वर टेबलावर, पडद्यावरच्या नगरात, गाड्या जिथे होत्या तिथे थांबल्या असणार. मला फक्त त्यांच्या दिव्यांचा लाल-निळा उजेड फडताळाच्या काचेवर फिरताना दिसत होता. कानात कंट्रोल कोणाशी तरी दुसऱ्या फोनवर बोलत होता. आईचा पत्ता सांगत होता, शहर, रस्ता, इमारत, मजला, एकही अक्षर न चुकता. "एकटी बाई आहे. छातीचं असणार. दार बंद असेल तर शेजारी किल्ली आहे का बघा. हो, खरा फोन आहे. माझं नाव लिहून घ्या." आणि त्याने त्याचं नाव सांगितलं. सगळ्यांदेखत, खरं, आडनावासकट. मग तो परत आला. "निघालेत ते. बोलत राहा. मावशी?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कोण आहात?"

"मला काही झालेलं नाही. त्यांना परत पाठवा. मी तिची मुलगी."

एकेक करून दोन टिचक्या ऐकू आल्या. बंबवाल्याने आणि सिस्टरने आपापले माइक बंद केले होते. गेले नव्हते. कंट्रोलने विचारलं, "त्या..." आणि मी म्हटलं, "सोमवारी सकाळी सापडली. तुमची सूचना त्याआधीची आहे." हेच वाक्य मी इतके दिवस धार लावून ठेवलं होतं. आता ते नुसतं एखाद्या वाक्यासारखं बाहेर पडलं.

"त्यांनीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "शेवटी. पुढच्या रविवारपासून माझ्याऐवजी कोणीतरी बघा रे. मला वाटलं, दमल्या. मी संध्याकाळी सूचना लावली." तो सलग बोलत नव्हता. मध्येच थांबायचा, आणि मी 'हं, मग?' म्हणाले तेव्हा दोघंही दचकलो. "त्यांनी असाच फोन केला होता. पडलेय म्हणाल्या, हात उचलत नाही म्हणाल्या. प्रसंगच होता. रविवार होता. मी पत्ता विचारला. त्यांनी एक रस्ता सांगितला, आणि मी म्हणालो, मावशी, असा रस्ता नकाशावर नाही."

"मग?"

"जरा थांबल्या. म्हणाल्या, अरे हो. मग बाजारामागची गल्ली लिही."

मी डोळे मिटले. अरे हो. ती कशी म्हणाली असेल हे मला त्याच्यापेक्षा स्पष्ट ऐकू आलं. चुकीचा नंबर लागला की समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून वापरायचा तो सूर. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचे आवाज सापडेल त्या पत्त्यावर जोडून दिले होते. स्वतःचा पत्ता सापडेना तर सापडेल तो दिला, एवढंच? की तिला कळलं होतं आणि तिने त्याला त्यातून मोकळं केलं? "पडदा म्हणाली नाही?" मी विचारलं.

"नाही. रोज आठवून बघतो. म्हणाल्याच नाहीत. सिस्टर गाडी घेऊन निघाली. मी त्यांना बोलतं ठेवलं. त्यांनीच शिकवलं होतं मला, समोरच्याला बोलतं ठेव, दार उघडल्याचा आवाज आल्याशिवाय फोन ठेवू नकोस. घोड्याचं बोललो आम्ही. हसल्याही. मग म्हणाल्या, छान सांभाळलंस. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि मी फोन ठेवला."

"कुठलं दार?"

"नगरातलं," तो म्हणाला. "बाजारामागच्या गल्लीतलं."

फडताळावरचा लाल-निळा उजेड फिरत होता. मला त्याला विचारायचं होतं, घोडा चढला कसा हे शेवटी तिने सांगितलं का. ते विचारलं नाही. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी त्या नुसतं ऐकायलाही आल्या नाहीत तेव्हा मला शंका आली. पण तो रस्ता मला आठवेना. मी ऐकलाच नव्हता धड, माझ्या नकाशात शोधत होतो. इतके दिवस तोच आठवून बघतोय. शहरसुद्धा माहीत नव्हतं. तुमचा आवाज ऐकला तेव्हा वाटलं, आता माझं डोकं फिरलं." मी इतके दिवस त्यांच्यावर नजर ठेवून होते आणि तो माझ्या आवाजावर. दोघांनाही एकच बाई हवी होती.

जिन्यावर पावलं वाजली. जड, भराभर, मध्ये काहीतरी कठड्याला आपटलं. मग घंटी. मी उठले. पाय मुंग्यांनी भरले होते. "आले," मी म्हटलं. "त्यांना सांगते, पेशंट नाही, परत जा."

"सांगा," तो म्हणाला. "पण दार उघडून सांगा."

हेडफोन कानावर तसंच ठेवून मी बोळातून गेले. घंटी पुन्हा वाजली. शेजारी शिंपीणकाकूंच्या घरातलं मशीन थांबलं. मी मूठ धरली, दार उचललं आणि ओढलं, आणि ते फरशीला घासत करकरलं. बाहेर एक धडधाकट बाई हातात पेटी घेऊन उभी होती, मागे स्ट्रेचर धरलेला माणूस, दोघांनाही धाप लागलेली. "पेशंट कुठाय?" बाई म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून आत पाहू लागली. त्यांना काय सांगायचं ते मी ठरवलं होतं, पण आधी ऐकलं. कानात तो अजून होता. श्वास ऐकू येत होता, फोन ठेवलेला नव्हता. दार अर्धंच उघडलं होतं. मी ते पुन्हा दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीला टेकेपर्यंत मागे ढकलत नेलं, सावकाश, सगळा आवाज करत. मग त्याने फोन ठेवला.